सर्व्हरमध्ये कुणी शिरलंय, हे कळतं कसं?

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या घेत होते. मोजमाप बिघडू नये म्हणून त्यांना यंत्र अगदी शांत हवं होतं. पण दुरून लॉगिन करण्यासाठी जी एसएसएच नावाची सोय असते, ती प्रोसेसरचा नको इतका वेळ खात होती. तेही फसलेल्या लॉगिनवर. घड्याळ लावून पाहिलं, तर एरवी ०.३ सेकंदात उरकणारं काम ०.८ सेकंद घेत होतं. एवढ्या फरकाकडे बहुतेकांनी काणाडोळा केला असता. फ्रॉइंड खणत गेले आणि २९ मार्चला त्यांनी जाहीर केलं की, फाइली दाबून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या मोफत साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी एसएसएचमधून आत शिरण्याचा चोरदरवाजा बसवला आहे. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने (की गटाने?) दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून त्या प्रकल्पाचा विश्वास कमावला होता. नेहमीच्या वापरातल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरांपर्यंत ती आवृत्ती पोचायच्या आतच बिंग फुटलं.

आता ३८ वर्षं मागे जाऊ. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकाच्या वापराचे पैसे त्या त्या विभागाच्या नावे टाकले जात. एका महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटचा मेळ बसेना. हे कोडं क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे आलं. संगणक कुणीतरी वापरला होता, पण त्या वापराचं बिल पाठवायला पत्ताच नव्हता. धागा धरत धरत शोध पोचला पश्चिम जर्मनीतल्या हॅनोवर शहरातल्या मार्कुस हेसपर्यंत. हा माणूस अमेरिकी लष्करी संगणक चाळून मिळेल ती माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला, केजीबीला, विकणाऱ्या टोळीतला होता.

एकदा अर्धा सेकंद, एकदा ७५ सेंट. दोन्ही वेळा ना सायरन वाजला, ना पडद्यावर लाल पाटी आली. यंत्राचं रोजचं वागणं ठाऊक असलेल्या माणसाला काहीतरी खटकलं, इतकंच. सर्व्हरची राखण म्हणजे मुळात तेवढंच: रोजचं काय ते माहीत असणं, आणि त्याहून वेगळं काही झालं की ते दिसेल अशी सोय असणं. खाली जी साधनं येतील, ती या एका कामासाठीच आहेत.

आधी चार शब्द

सर्व्हर म्हणजे इतरांच्या मागण्या पुरवण्यासाठी सतत चालू असणारा संगणक. संकेतस्थळ, ईमेल, ॲपची माहिती, सगळं अशाच यंत्रांवर असतं. त्यातली फार मोठी संख्या युनिक्सच्या कुळातली. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये जन्मलेल्या या घराण्यात आज लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी अशी मंडळी आहेत. या यंत्रांवर 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी वापरकर्ता असतो. त्याला काहीही करता येतं, म्हणून घुसखोराचं अंतिम लक्ष्य तोच. चालू असलेल्या प्रत्येक कामाला 'प्रोसेस' म्हणतात. आणि यंत्र आपल्या कारभाराची जी टिपणं ठेवतं, ते 'लॉग'. आपण त्याला नोंदी म्हणू.

'माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?'

हा आक्षेप पहिल्यांदा येतो, आणि तो गैरसमजावर उभा आहे. तुमच्या यंत्रावर कुणी नाव वाचून येत नाही. इंटरनेटवरचे पत्ते ओळीने ठोठावत जाणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. नवा सर्व्हर जोडला की काही तासांत, पुष्कळदा काही मिनिटांतच, त्याच्या एसएसएचवर अनोळखी पत्त्यांवरून पासवर्ड आजमावले जायला लागतात. त्यांना तुमच्या फाइलींशी घेणंदेणं नसतं. त्यांना हवा असतो तुमचा प्रोसेसर, तुमचं इंटरनेट आणि तुमचा स्वच्छ पत्ता. प्रोसेसरवर कूटचलनाचं खाणकाम चालतं, पत्त्यावरून नको ती ईमेलं सुटतात, आणि पुढच्या यंत्रावर हल्ला होतो तो तुमच्या नावाने.

'लिनक्सला व्हायरस लागत नाही' हेही असंच एक जुनं आश्वासन. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला किडा, म्हणजे स्वतःहून पसरणारा प्रोग्राम, इंटरनेटभर पसरला, तो युनिक्स यंत्रांवरच. ईमेल पाठवणाऱ्या प्रोग्राममधली विसरलेली चाचणीची सोय, 'फिंगर' नावाच्या सेवेतली चूक आणि सोपे पासवर्ड एवढ्यावर त्याचं भागलं. आजही वाटा फार वेगळ्या नाहीत: अंदाजाने सापडलेला पासवर्ड, कुणाच्या तरी लॅपटॉपवरून चोरलेली किल्ली (पासवर्डऐवजी चालणारी गुप्त फाइल), वेळेवर अपडेट न केलेला प्रोग्राम. एक्सझेडसारखी, माल बनतानाच त्यात विष कालवण्याची वाट मात्र नव्या काळातली.

आत आल्यावर तो काय करतो

ज्या वाटेने आलो ती उद्या बंद होईल, हे घुसखोराला ठाऊक असतं. म्हणून आत आल्यावर तो आधी स्वतःसाठी दुसरं दार करून ठेवतो. आपल्या दृष्टीने हे बरंच आहे, कारण दार केलं की त्याचा पुरावा राहतो, आणि दारं करण्याच्या जागा मोजक्या असतात.

सगळ्यात आवडती जागा म्हणजे वापरकर्त्याच्या घर-फोल्डरमधली 'ऑथराइज्ड कीज' ही फाइल. हिच्यात ज्यांच्या किल्ल्या, त्यांना पासवर्डशिवाय प्रवेश. तिथे आपली एक ओळ घातली की पासवर्ड कितीही बदला, तो येतच राहतो. दुसरी जागा 'क्रॉन', ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करणारी व्यवस्था. दर पाच मिनिटांनी कुठूनतरी काहीतरी उतरवून चालवणारी एक ओळ तिथे असली, की तुम्ही मारलेली प्रोसेस पाच मिनिटांत पुन्हा जिवंत. यंत्र सुरू होताना आपोआप चालणाऱ्या सेवांची यादीही त्याच कामी येते. वापरकर्त्यांच्या यादीत रूटशिवाय आणखी कुणाचा क्रमांक शून्य असेल, तर तो नावाने कुणीही असो, अधिकाराने रूटच आहे. आणि 'सेटयूआयडी' ही खूण लावलेल्या फाइली: ती फाइल कुणीही चालवली तरी ती आपल्या मालकाच्या अधिकाराने चालते. मालक रूट असेल तर पुढचं सांगायला नको. हेसने बर्कलीत सर्वाधिकार मिळवले ते असेच. ईमॅक्स या संपादकाबरोबर येणारा, ईमेल हलवणारा एक छोटा प्रोग्राम तिथे रूटच्या अधिकाराने बसवलेला होता.

या पाच जागांची आजची यादी काढून ठेवा आणि रोज त्या यादीशी ताडून पाहा. एक छोटी स्क्रिप्ट हे काम करते. महागड्या साधनांकडे वळण्याआधी एवढं झालं, तरी सर्वसाधारण घुसखोरी लपून राहणं अवघड होतं.

नोंदी काय सांगतात, आणि कधी खोटं बोलतात

युनिक्समध्ये बहुतेक प्रोग्राम आपल्या नोंदी एका सामाईक व्यवस्थेकडे देतात. तिचं नाव सिसलॉग. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेल-प्रोग्रामसाठी ती लिहिली आणि पुढे सगळ्यांनीच उचलली. कोण लॉगिन झालं, कुठून झालं, कुणी रूटचे अधिकार मागितले, हे लिनक्सच्या डेबियन घराण्यात 'ऑथ लॉग'मध्ये आणि रेड हॅट घराण्यात 'सिक्युअर' या फाइलमध्ये सापडतं. 'लास्ट' ही आज्ञा यशस्वी लॉगिनची यादी देते, 'लास्टबी' फसलेल्यांची.

मात्र एक मेख आहे. इमारतीच्या फाटकावर रखवालदार आहे आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंदवहीत नोंद करतो, असं धरा. चोर आत शिरला आणि रखवालदाराला बांधून ठेवून त्याने वहीतलं स्वतःचं पान फाडलं, तर सकाळी वहीत सगळं आलबेल दिसेल. रूटचे अधिकार मिळालेल्या घुसखोराला नोंदीतल्या ओळी पुसणं याहूनही सोपं असतं. म्हणून नोंद लिहिली जाते त्याच क्षणी तिची प्रत दुसऱ्या यंत्रावर गेली पाहिजे, आणि त्या यंत्राचं दार पहिल्या यंत्रावरून उघडता कामा नये. असं केलं की घुसखोर पुढच्या नोंदी थांबवू शकतो, पण आत येतानाची नोंद मात्र हाताबाहेर गेलेली असते.

स्टोल यांनी हेच केलं होतं, तेही त्या काळाला साजेशा दणकट रीतीने. बाहेरून येणाऱ्या तारांवर त्यांनी छापायंत्रं जोडली. हेस जी जी कळ दाबे ती कागदावर उमटे. त्याला ते संगणकातून दिसणं शक्यच नव्हतं आणि कागदावरची शाई पुसणं तर दूरच.

दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळलेली असणं ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट इथे महत्त्वाची ठरते. एक यंत्र चार मिनिटं पुढे असेल तर कोणती घटना आधी घडली, हे सांगताच येत नाही. सगळी यंत्रं एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या पद्धतीने, एकाच वेळेला बांधून ठेवावीत.

'पण यंत्रालाच विचारलं की कळेल ना?'

'पीएस' ही आज्ञा चालू प्रोसेस दाखवते, 'एसएस' नेटवर्कवरची कोणती दारं (पोर्ट) उघडी आहेत ते. रोज वापराव्यात अशाच या आज्ञा आहेत. पण त्याही त्याच यंत्रावरचे प्रोग्राम. घुसखोराने 'पीएस'च बदलून ठेवला आणि नव्या 'पीएस'ला स्वतःची प्रोसेस गाळायला शिकवलं, तर? अशा साधनांच्या संचाला 'रूटकिट' म्हणतात. त्याहून पक्की रूटकिट थेट कर्नलमध्ये, यंत्रणेच्या गाभ्यात, बसतात. मग कोणतीही आज्ञा कितीही अस्सल असली तरी तिला खालून मिळणारं उत्तरच खोटं असतं. ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सचा कर्नल जिथून वाटला जातो, त्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरांवरच अशी घुसखोरी उघड झाली होती. तेव्हा कर्नलच्या मूळ कोडबद्दल निश्चिंत राहता आलं याचं कारण असं, की गिट या व्यवस्थेत प्रत्येक फाइलचा आणि प्रत्येक बदलाचा गणिती ठसा काढलेला असतो आणि त्या ठशांच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर होत्या.

हा ठसा, ज्याला हॅश म्हणतात, आपल्यालाही वापरता येतो. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा पार बदलतो. १९९२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि यूजीन स्पॅफर्ड यांनी यावर 'ट्रिपवायर' तयार केलं. स्वच्छ यंत्रावरच्या महत्त्वाच्या फाइलींचे ठसे घेऊन ठेवायचे आणि मग वेळोवेळी पडताळायचे. आज त्याच घाटाचं 'एड' हे मोफत साधन सर्रास वापरलं जातं. ठशांची यादी मात्र त्याच यंत्रावर ठेवली तर वहीचं पान फाडण्याचीच गोष्ट पुन्हा. यादी बाहेर हवी, आणि शंका आली तर पडताळणीही बाहेरून, स्वच्छ माध्यमावरून यंत्र सुरू करून.

याची डोकेदुखी अशी की प्रत्येक अपडेटनंतर शेकडो फाइली रीतसर बदलतात आणि साधन शेकडो इशारे देतं. त्यावर शिस्तीशिवाय उपाय नाही. अपडेटच्या आधी पडताळणी, मग अपडेट, मग लगेच नवे ठसे. ही शिस्त जिथे सुटते तिथे महिन्याभरात कुणी तो अहवाल उघडूनही पाहत नाही, हे खात्रीने सांगता येईल.

इशारा किती वेळा वाजावा?

'रोजचं काय ते यंत्रालाच शिकवू, वेगळं दिसलं की सांगेल' ही कल्पना जुनी आहे. डोरोथी डेनिंग यांनी १९८७ च्या निबंधात ती रीतसर मांडली. गाडं अडतं ते साध्या अंकगणितात.

समजा सर्व्हरवर दिवसाला १० लाख नोंदी होतात आणि त्यातल्या फक्त १० खरोखर घुसखोरीच्या आहेत. तुमचं साधन १०० पैकी ९९ वेळा बरोबर सांगतं. ऐकायला झकास. पण उरलेल्या निर्दोष नोंदींपैकी १ टक्का म्हणजे जवळजवळ १०,००० खोटे इशारे झाले. दहा खरे, दहा हजार खोटे. हजारात एक इशारा खरा असेल तर दुसऱ्या आठवड्यात माणूस इशाऱ्यांची ईमेलं न वाचताच पुसायला लागतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

त्यामुळे कशाचा इशारा देऊ नये, हे ठरवणं जास्त कौशल्याचं. फसलेल्या लॉगिनचा इशारा नको. ते पावसासारखे पडतच असतात. 'फेल-टू-बॅन'सारखं साधन वारंवार चुकणाऱ्या पत्त्यांना काही काळ बंद करतं, आणि त्याहून चांगलं म्हणजे पासवर्डने लॉगिन ही सोयच बंद करून फक्त किल्ल्यांवर काम चालवणं. इशारा हवा तो यशस्वी लॉगिनचा, जेव्हा ते पूर्वी कधीच न दिसलेल्या पत्त्यावरून किंवा भलत्या वेळी झालेलं असतं. नवा वापरकर्ता तयार झाला, नवं दार उघडलं, नोंदी येणं अचानक थांबलं, या घटना महिन्यात एखाददुसऱ्याच घडतात. त्यांच्यासाठी झोपेतून उठवलं तर चालेल.

शेवटचा प्रकार विशेष लक्षात घ्यावा. शांतता ही चांगली बातमी मानण्याची खोड फार महागात पडते.

यंत्र टिकवणं आणि यंत्र राखणं

सुरक्षा एका माणसाकडे आणि सर्व्हर चालू ठेवणं दुसऱ्याकडे, अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी असते. मला ती पटत नाही, कारण दोघं पाहतात ती लक्षणं एकच असतात. प्रोसेसर रात्री तीनला शंभर टक्क्यांवर गेला. बॅकअप लांबला असेल, एखादा प्रोग्राम गुंत्यात अडकला असेल किंवा कुणी खाणकाम लावलं असेल. एखादी सेवा पुन्हा पुन्हा कोसळते आहे. मेमरी खराब असेल, किंवा कुणीतरी तिच्यातली फट चाचपत असेल, कारण फसलेला हल्ला पुष्कळदा कोसळण्याच्याच रूपात दिसतो. कोसळलेली सेवा आपोआप उठवणारी व्यवस्था आता सगळीकडे असते आणि ती हवीच. पण सेवा किती वेळा उठवली हे कुणी मोजत नसेल, तर तीच व्यवस्था रोगावर पांघरूण घालते.

डिस्क भरणं हे तर दोन्ही बाजूंचं दुखणं. डिस्क भरली की डेटाबेस थांबतो आणि नोंदीही थांबतात, म्हणजे यंत्र आंधळं होतं. इथे युनिक्सच्या दोन गमती नवख्यांना चकवतात. जागा शिल्लक असूनही 'जागा नाही' असं उत्तर येतं, कारण फाइलींच्या नोंदीसाठी राखलेले आयनोड संपलेले असतात. लाखो चिमुकल्या फाइली साठल्या की हे होतं. दुसरी गंमत म्हणजे मोठी फाइल पुसली तरी जागा मोकळी होत नाही. ती फाइल अजून एखाद्या प्रोसेसने उघडून धरलेली असते आणि तिने सोडल्याशिवाय जागा परत मिळत नाही. अशी पुसलेली पण चालू असलेली फाइल शोधायची सवय ठेवावी. घुसखोरही आपला प्रोग्राम सुरू करून मूळ फाइल पुसून टाकतात, आणि ते त्याच यादीत दिसतात.

तपासणी आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून हवी. आतून सेवा चालू दिसते, पण संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे बाहेरच्या माणसाला संकेतस्थळ उघडत नाही, हे फार सामान्य दृश्य आहे. बाकी ९९.९ टक्के चालू राहण्याचं वचन कुणी दिलं तर फार हुरळू नका. त्याचा अर्थ वर्षाला पावणेनऊ तास बंद. आणखी एक ९ जोडला तर सुमारे ५३ मिनिटं.

'बॅकअप आहे की!'

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने रात्रीच्या गडबडीत चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबी डेटापैकी जेमतेम साडेचार उरले. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजच्या प्रतींची जागा रिकामी. प्रत घेणारं साधन जुन्या आवृत्तीचं असल्यामुळे रोज अपयशी ठरत होतं. अपयशाची ईमेलंही रोज निघत होती, पण पाठवणाऱ्याची ओळख पटत नसल्याने ती परस्पर नाकारली जात होती. एका अभियंत्याने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेली प्रत सापडली म्हणून निभावलं. हा सगळा वृत्तांत कंपनीने स्वतःच जाहीर केला.

इथे घुसखोर कुणीच नव्हता. तरी दुखणं ओळखीचं आहे, इशारा न येणं म्हणजे सगळं ठीक असं धरलं गेलं. उलटी पद्धत जास्त भरवशाची. बॅकअप यशस्वी झाला की त्याने दुसऱ्या यंत्राला 'झालं' असा निरोप द्यायचा आणि ठरलेल्या वेळेत निरोप आला नाही तर त्या दुसऱ्या यंत्राने ओरडायचं. शिवाय अधूनमधून ती प्रत मोकळ्या यंत्रावर उतरवून खरोखर चालते का ते पाहायचं. प्रती मुख्य यंत्रावरून पुसता येण्याजोग्या नसाव्यात, कारण डेटा अडकवून पैसे मागणारे खंडणीखोर आता आधी बॅकअपच शोधतात. आणि दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेड ही बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल ती दोन्हीकडून तत्परतेने पुसते.

'आमचा सर्व्हर क्लाउडवर आहे, ते बघतील'

ते इमारत, वीज, यंत्रसामग्री आणि आभासी यंत्रांच्या खालचा थर बघतात. भाड्याने घेतलेल्या यंत्रात तुम्ही कोणता पासवर्ड ठेवलात, कोणता प्रोग्राम दोन वर्षं जुना आहे आणि कुणाची किल्ली यादीत आहे, हा तुमचाच कारभार. करारातही तसंच लिहिलेलं असतं. क्लाउडचा एक फायदा मात्र जरूर घ्यावा: यंत्राच्या बाहेरून दिसणारा प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्कचा आलेख आत शिरलेल्या घुसखोराला बदलता येत नाही.

आणि कुणी सापडलाच तर?

घाईने यंत्र बंद करू नये. काही घुसखोर डिस्कवर काहीच ठेवत नाहीत, सगळं मेमरीत असतं, आणि वीज गेली की पुरावाही गेला. आधी नेटवर्क तोडा किंवा फक्त तुमच्याच पत्त्यापुरतं ठेवा. मग जमलं तर मेमरीची आणि नंतर डिस्कची प्रत घ्या. केलेली प्रत्येक गोष्ट वेळेसह वेगळीकडे लिहीत जा, कारण दोन तासांनी तुमच्या खुणा कोणत्या आणि त्याच्या कोणत्या हे सांगता येणार नाही.

मग मोह होतो तो साफसफाईचा. संशयास्पद फाइल पुसली, क्रॉनमधली ओळ काढली, पासवर्ड बदलला, झालं. रूटपर्यंत पोचलेल्या माणसाने आणखी काय करून ठेवलंय हे त्याच यंत्राला विचारून कळत नाही, हे आपण वर पाहिलंच. यंत्र कोरं करून मूळ माध्यमावरून नव्याने उभारावं. बॅकअपमधून फक्त डेटा घ्यावा, प्रोग्राम नव्हेत, आणि तो घुसखोरीच्या आधीच्या तारखेचा असावा. ती तारीख सांगायला बाहेर पाठवलेल्या नोंदी असतील तरच काम सोपं. त्या यंत्रावर असलेल्या आणि तिथून वापरलेल्या सगळ्या किल्ल्या, पासवर्ड, प्रमाणपत्रं फुटली असं धरून बदलावीत. त्या किल्ल्या जिथे जिथे चालत होत्या ती यंत्रंही तपासावीत. तो आत आला ती मूळ फट बुजवल्याखेरीज नवं यंत्र जोडू नये, नाहीतर त्याच संध्याकाळी तो परत येईल. आणि जोडण्याच्या आधी, यंत्र कोरं असतानाच, त्याच्या फाइलींचे ठसे घेऊन दुसरीकडे ठेवून द्यावेत.